गायकाची वकिली सोडा

प्रश्न: मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. चौदाव्या वर्षापासून एकाच रॉक बँडवर जीव टाकत आले. हे वेड मला आणि माझ्या धाकट्या भावाला एकदमच लागलं. गेल्या वर्षी आम्ही दोघांनी त्यांना पहिल्यांदाच प्रत्यक्ष ऐकलं. गायक आता ऐंशीच्या घरात आहे. दुसऱ्याच गाण्यात त्याचा आवाज फाटला. पुढे वरच्या ओळी त्याने प्रेक्षकांवरच सोडून दिल्या. शेवटून दुसरं गाणं सुरू झालं आणि भाऊ उठून बाहेर गेला. नंतर घरी सगळ्यांसमोर म्हणाला, ‘ताई, ही शुद्ध फसवणूक आहे. या म्हाताऱ्याने दहा वर्षांपूर्वीच थांबायला हवं होतं.’ मी भडकले, त्याला नको ते बोलले. तेव्हापासून आमच्यात कामापुरतंच बोलणं उरलंय. आता बँडने निरोपाचा दौरा जाहीर केलाय. जावं, की आठवणी आहेत तशाच राहू द्याव्यात? भावाला विचारू का? आणि ज्या माणसाला माझं नावही ठाऊक नाही, त्याच्यासाठी सख्ख्या भावाशी भांडणारी मी वेडी आहे का?
– एक जुनी श्रोती

प्रिय जुनी श्रोती,

बँडचं नाव तुम्ही पत्रात खाली रेघ मारून लिहिलंय. मी ते मुद्दाम गाळलं. छापलं असतं तर निम्मे वाचक तुमचा प्रश्न बाजूला ठेवून त्या गायकावर तुटून पडले असते आणि उरलेले त्याच्या बचावाला धावले असते. म्हणजे तुमच्या घरी जे झालं तेच.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. नाही, तुम्ही वेड्या नाही. त्याला तुमचं नाव ठाऊक नाही हे खरं, पण त्याचा आवाज चव्वेचाळीस वर्षं तुमच्या घरात आहे. इतका काळ घरात असलेल्या कुणाबद्दल कुणी वाकडं बोललं, तर माणूस चिडणारच.

मला खटकलं ते वेगळंच. पत्राच्या सुरुवातीला तुम्ही स्वतः लिहिता, ‘दुसऱ्याच गाण्यात त्याचा आवाज फाटला.’ आणि भावाला काय सांगितलंत? तेही तुम्हीच प्रामाणिकपणे लिहिलंय: साउंडवाल्यांनी घोळ घातला, त्याला सर्दी झाली असेल, त्या सभागृहात आवाज घुमतोच, आणि शेवटी, ‘तुला गाण्यातलं कळतं काय?’ अहो, ज्या पोराने तुमच्याशेजारी बसून तीच कॅसेट झिजवली, त्याला तुम्ही हे विचारलंत! तुमच्या दोघांच्या कानांनी त्या रात्री एकच गोष्ट ऐकली. भावाने ती बोलून दाखवली आणि तुम्ही ती नाकारली. गायक वाईट गायला, एवढ्यावर भावंडांचं बोलणं तुटत नाही. पण समोरचा डोळ्यांदेखत खोटं बोलतोय आणि वर आपल्यालाच अडाणी ठरवतोय, असं वाटलं की तुटतं.

तुम्ही त्या गायकाच्या वकील होऊन बसला आहात. त्याने वकीलपत्र दिलेलं नाही, त्याच्यावर खटलाही नाही, तरी तुमचा युक्तिवाद सुरूच आहे. माझा सल्ला एवढाच, की हे काम सोडा. ‘तो वाईट गायला आणि मला तो प्राणाहून आवडतो’ ही दोन्ही विधानं एका दमात म्हणता येतात. म्हणून बघा एकदा, मोठ्याने. आकाश कोसळणार नाही.

आता त्या आवाजाचं काय होतं ते जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या भांडणातला निम्मा राग ‘तो कमी पडला’ आणि ‘त्याने फसवलं’ यांतला फरक न केल्यामुळे आलाय.

गळा हा स्नायूंचा मामला आहे. वय वाढलं की स्वरतंतूंमधले स्नायू बारीक होतात आणि त्यांच्यावरचा मऊ थर ताठर होतो. स्वरयंत्रातली कूर्चा हळूहळू हाडासारखी टणक होते. दोन स्वरतंतू नीट जुळेनासे होतात, मधल्या फटीतून हवा निसटते आणि आवाजात ती फुसफुस, तो कंप येतो. छातीत हवाही पूर्वीइतकी मावत नाही, मग एका श्वासात म्हणायची लांब ओळ मध्येच तोडावी लागते. पहिला बळी जातो वरच्या सुरांचा. नेमके तेच सूर रॉकच्या गायकांनी विशीत, शरीर रबरासारखं असताना, चढाओढीने उंच नेऊन ठेवलेले असतात. पंचविशीतल्या पोराने एका दिवशी स्टुडिओत मारलेली किंकाळी ऐंशीव्या वर्षापर्यंत रोज रात्री मारायची, असा हा विचित्र करार. गिटारवाल्यांचंही शरीर थकतंच. कीथ रिचर्ड्स यांना सांधेदुखी आहे आणि एरिक क्लॅप्टन यांनी नसांच्या दुखण्याबद्दल जाहीरपणे सांगितलं आहे. पण गिटारच्या तारा निदान बदलता येतात.

यातून वाट काढायच्या गायकांच्या तऱ्हा वेगवेगळ्या. सगळ्यात सोपी म्हणजे पट्टी उतरवायची. अख्खा बँड अर्धा किंवा एक सूर खाली वाजवतो आणि बहुतेकांना कळतही नाही. दुसरी, कोरसला साथीचे गायक वाढवायचे. तिसरी तुम्ही पाहिलीच, माइक प्रेक्षकांकडे वळवायचा. ही थोडीशी चलाखी आहे, मान्य. पण समोरच्या हजारोंना ती ओळ तोंडपाठ आहे याची खात्री असल्याशिवाय ती करता येत नाही. चौथी मला सर्वांत प्रामाणिक वाटते. गाणं सोडूनच द्यायचं. डीप पर्पलचं १९७० सालचं ‘चाइल्ड इन टाइम’ आठवा. त्यातल्या इयान गिलन यांच्या किंकाळ्यांवर त्या बँडचे कितीतरी चाहते पोसले गेले. वीस वर्षांहून जास्त काळ डीप पर्पल ते गाणं कार्यक्रमात घेत नाही. श्रोते आजही मागतात. गळ्यात ते उरलं नाही, तर गायचं नाही.

आणि एक तऱ्हा अशी, जिच्यासाठी तुम्ही निरोपाच्या दौऱ्याला जावं असं मला वाटतं. जोनी मिचेल रॉकच्या चौकटीत काटेकोर बसत नाहीत, पण उदाहरण त्यांचंच देणार. ‘बोथ साइड्स नाउ’ हे आपलं गाणं त्यांनी १९६९ साली रेकॉर्ड केलं तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या होत्या. स्वच्छ, उंच, पाण्यासारखा आवाज. तेच गाणं २००० साली वाद्यवृंदाबरोबर पुन्हा आलं तेव्हा वय छप्पन्न. आवाज खर्जात उतरलेला, धुरकट, सावकाश. आयुष्याच्या दोन्ही बाजू पाहिल्याचं सांगणारं ते गाणं. पंचविशीत ते हुशार वाटतं. छप्पन्नाव्या वर्षी त्या बाजू बाईंनी खरोखर पाहिल्या आहेत हे पहिल्या ओळीतच कळतं. पुढे २०१५ मध्ये मेंदूतली रक्तवाहिनी फुगून फुटली आणि चालणं-बोलणंही नव्याने शिकावं लागलं. २०२२ च्या जुलैमध्ये न्यूपोर्टच्या महोत्सवात त्या मित्रमंडळींच्या गराड्यात खुर्चीवर बसून पुन्हा गायल्या, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. दोन्ही रेकॉर्डिंग्ज एका संध्याकाळी लागोपाठ ऐका. कुठलं ‘चांगलं’ हे ठरवायच्या फंदात पडू नका.

तुमच्या गायकाने असं काही केलं का? एकच आवाज फाटलेला तुमच्या लक्षात राहिला. बाकीच्या दीड तासात त्याने काय केलं? एखादं संथ गाणं वेगळ्या ढंगाने म्हटलं का? एखाद्या शब्दावर पूर्वी घाईने पुढे जायचा, तिथे रेंगाळला का? तुम्ही त्याबद्दल एक ओळही लिहिलेली नाही. वकिलीचा हाच तोटा: आरोपाला उत्तर देण्यात सगळं लक्ष जातं आणि ऐकायचं राहून जातं.

भावाचा आरोप आपण हसण्यावारी नेऊ नये. थांबावं कधी, हा खरा प्रश्न आहे आणि त्याच्या बाजूनेही वजनदार माणसं उभी आहेत. लेड झेपेलिन हा बँड १० डिसेंबर २००७ ला लंडनमध्ये एका रात्रीपुरतं एकत्र आला, सगळं जग दौऱ्याची वाट बघत राहिलं आणि त्यांचे गायक रॉबर्ट प्लांट दुसरंच संगीत करायला निघून गेले. गायिका ॲलिसन क्राउसबरोबरचा त्यांचा शांत, लोकसंगीताच्या वळणाचा अल्बम ग्रॅमीत वर्षातला सर्वोत्तम ठरला. आर.ई.एम. हा बँड २०११ साली भांडणतंटा न करता थांबला. एरोस्मिथच्या स्टीव्हन टायलर यांच्या स्वरयंत्राला २०२३ मध्ये दौऱ्यात इजा झाली. पूर्वीचा आवाज परत येणार नाही हे दिसल्यावर पुढच्या वर्षी बँडने दौरे कायमचे बंद केले. ही यादी वाचून तुमचा भाऊ खूश होईल. त्याला दाखवा.

पण ‘फसवणूक’ हा शब्द मात्र मी मागे घ्यायला लावेन. आधी मुद्रित केलेला आवाज लावून नुसते ओठ हलवले असते तर फसवणूक. तुमच्या गायकाचा आवाज फाटला, म्हणजे तो निदान खरोखर गात होता. लबाडी शोधायचीच असेल तर ‘निरोपाचा दौरा’ या शब्दांत शोधा. द हू या बँडने पहिला निरोपाचा दौरा केला १९८२ साली. आणखी एक केला २०२५ साली, तेव्हा पीट टाउनशेंड ऐंशी वर्षांचे झाले होते. म्हातारं होण्याआधी मरण यावं अशी ओळ विशीत लिहिणारे हेच गृहस्थ. स्कॉर्पियन्सनी २०१० मध्ये निरोप घेतला आणि ते अजून दारातच उभे आहेत. मॉटली क्रू यांनी २०१४ साली पुन्हा कधीही दौरा न करण्याच्या करारावर वाजतगाजत सह्या केल्या आणि २०१९ मध्ये परत येताना तो करारच उडवून दिल्याचा व्हिडिओ काढला. मला याचा राग येत नाही. मजा वाटते. पण ‘हा शेवटचा, आता नाही गेलो तर कधीच नाही’ या धाकाखाली तुम्ही निर्णय घेऊ नका.

ते थांबत का नाहीत? कधी पैसा, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. लेनर्ड कोहेन सत्तरी ओलांडल्यावर, २००८ मध्ये, पुन्हा दौऱ्यावर निघाले ते व्यवस्थापकाने आयुष्यभराची पुंजी गिळली म्हणून. आणि त्या पाच-सहा वर्षांतले त्यांचे कार्यक्रम त्यांच्या उमेदीच्या काळाहून सरस होते असं म्हणणारे पुष्कळ आहेत, मीही त्यातलीच. कधी सवय: बॉब डिलन १९८८ पासून जवळजवळ अखंड फिरतीवर आहेत आणि जुनी गाणी अशी बदलून म्हणतात की अर्धं गाणं होईपर्यंत श्रोत्यांना ओळख पटत नाही. कधी नुसती मस्ती. रोलिंग स्टोन्सच्या २०२४ च्या दौऱ्याची प्रायोजक होती एएआरपी, म्हणजे पन्नाशीपुढच्यांसाठी काम करणारी अमेरिकी संस्था. त्यांचे गायक मिक जॅगर त्या वेळी ऐंशीचे होते, पाच वर्षांपूर्वी हृदयाची झडप बदललेली, आणि स्टेजभर पळत होते.

आणि ब्लॅक सबाथ या बँडचे गायक ओझी ऑस्बर्न. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅममध्ये, जिथे लहानाचे मोठे झाले त्याच भागातल्या मैदानावर, ब्लॅक सबाथचे चारही मूळ सदस्य वीस वर्षांनी एकत्र आले. पार्किन्सनच्या आजारामुळे ओझींना उभं राहून गाणं शक्य नव्हतं. सिंहासनासारख्या काळ्या खुर्चीत बसून ते गायले. सतरा दिवसांनी गेले. सूर सगळीकडे लागला का? नाही. पण तिथे असलेल्या कुणाला विचारा, घरी थांबायला हवं होतं का म्हणून. शेजारी गिटारवर टोनी आयोमी होते. सतराव्या वर्षी कारखान्यात त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली, आणि ते डावरे असल्यामुळे तोच हात तारा दाबायचा. प्लॅस्टिक वितळवून त्यांनी बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढे तारा सैल करून खालच्या सुरात वाजवायला लागले. त्या बँडचा तो जड, दबका नाद बराचसा तिथून आला. शरीर साथ देत नसेल तर काय करायचं, हा प्रश्न ब्लॅक सबाथला म्हातारपणी पहिल्यांदा पडलेला नव्हता.

आता भावाकडे येते. पत्रातला एक मजकूर लांबीपायी वर छापता आला नाही, तो इथे सांगते. तुमच्या त्या एकुलत्या कॅसेटची टेप एकदा प्लेअरमध्ये अडकून चुरगळली. भावाने चुरगळलेला तुकडा ब्लेडने कापला आणि दोन टोकं सेलोटेपने जोडली. गाण्यातले चार शब्द गेले. तेव्हापासून ते गाणं तुमच्या घरात उडी मारून पुढे जायचं, आणि आजही गुणगुणताना तुम्ही दोघं ते चार शब्द गाळता. त्या रात्री गायकाने ती ओळ पूर्ण म्हटली आणि तुम्ही दोघांनी एकाच क्षणी एकमेकांकडे पाहिलं. हे शेवटून दुसऱ्या गाण्याच्या कितीतरी आधी घडलं.

तुम्ही मला गायकाबद्दल चार पानं लिहिलीत आणि या प्रसंगावर चार ओळी. त्या चार ओळी वाचून मी पत्र खाली ठेवलं. त्या गायकाचे जगभर लाखो चाहते असतील. ती उडी फक्त दोघांना ठाऊक आहे, आणि त्या दोघांतला एक सध्या तुमच्याशी कामापुरतं बोलतोय.

तो उठून का गेला, हे मला ठाऊक नाही. पत्रावरून तुम्हालाही ठाऊक नाही, कारण तुम्ही त्याला विचारलेलंच नाही. कंटाळून गेला असेल, संतापून गेला असेल, बघवेना म्हणून गेला असेल. अंदाज बांधू नका. विचारा.

फोन करा. मेसेज नको, अशा गोष्टी मेसेजमध्ये चिघळतात. पहिलं वाक्य असं ठेवा: ‘तू म्हणालास ते खरं होतं, दुसऱ्या गाण्यात त्याचा आवाज फाटला.’ आणि तिथेच थांबा. ‘पण’ म्हणू नका. तो ‘पण’ तुमच्या जिभेवर येणार, मला खात्री आहे, गिळा. ‘तुला गाण्यातलं कळतं काय’ या वाक्याबद्दल सरळ माफी मागा, कारण ते लागलं असणार. त्याने ‘म्हातारा’ म्हटलं त्याचा हिशेब त्या फोनवर काढू नका. मग विचारा, तू बाहेर का गेलास. निरोपाच्या दौऱ्याचा विषय त्या दिवशी काढायचा नाही, नाहीतर आधीचं सगळं तिकिटासाठी होतं असं त्याला वाटेल. चार-आठ दिवस जाऊ द्या.

आणि तुम्ही जा. आठवणी राहतील की नाही याची काळजी करू नका. फाटलेला आवाज ऐकूनही तुमची कॅसेट जशी होती तशीच डोक्यात वाजते आहे ना? जाण्याआधी महिनाभर जुने अल्बम बंद. त्यांच्या अलीकडच्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग्ज ऐका, म्हणजे पट्टी कुठे उतरवली, कुठली गाणी गाळली, कुठे श्वास घेतो हे आधीच ओळखीचं होईल आणि त्या रात्री धक्का न बसता कान मोकळे राहतील. मोबाइल पर्समध्येच राहू द्या. ढोल-गिटारकडेही लक्ष द्या; गायकाकडे टक लावून, कधी चुकतोय याची धास्ती घेत बसलात तर तो चुकलेलाच दिसेल.

कानांत इअरप्लग घाला. संगीतासाठीचे मिळतात, ते आवाज कमी करतात पण गुदमरवत नाहीत. शंभर डेसिबलच्या आवाजात कानांना सुरक्षित वेळ जेमतेम पंधरा मिनिटं धरतात, आणि रॉकचा कार्यक्रम तिथे सहज पोचतो, तोही दोन तास. एसी/डीसी बँडचे गायक ब्रायन जॉन्सन यांना २०१६ मध्ये दौरा अर्ध्यावर सोडावा लागला तो ऐकू येणं पूर्ण जाण्याच्या भीतीने. ते नव्या उपकरणांच्या मदतीने परतले. तुमच्या-माझ्यासाठी कुणी खास उपकरण बनवणार नाही.

तिकिटं शेजारशेजारची दोन काढा, भाऊ नाही म्हणाला तरी. एक परत करता येतं, किंवा दुसऱ्या कुणा वेड्याला देता येतं. तो आला तर उत्तम. आणि येऊन पुन्हा शेवटून दुसऱ्या गाण्याला उठून गेला, तर खुशाल जाऊ द्या. त्याच्या मागे धावू नका, परतीच्या वाटेवर त्याबद्दल चकार शब्द काढू नका. तुम्ही बसून शेवटपर्यंत ऐका.